मुंबईच्या ग्रिलमध्ये केल: कुठला लावावा, कधी लावावा आणि खावा कसा

केल, म्हणजे कोबीच्या घराण्यातली पालेभाजी, मुंबईत होतो का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: होतो, पण दसऱ्याच्या सुमाराला पेरला तर. पहिल्या पावसाच्या उत्साहात भेंडी-दोडक्याबरोबर केलचंही बी टाकलं, की रोपं चार पानांवर येऊन कुजतात. मार्चमध्ये टाकलं तर पानं चिवट आणि कडू होतात. मग ही परदेशातली भाजी, आपल्या हवेत कुठली यायला, म्हणून कुंडी रिकामी होते.

खरं तर कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि केल ही सगळी शास्त्रानुसार एकाच प्रजातीतली, ब्रासिका ओलेरेसिया. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत कोबीत गड्डा वाढवला, फ्लॉवरमध्ये फुलोरा, नवलकोलात खोड आणि केलमध्ये पान. काश्मिरी घरांत रोज शिजणारा हाक हा पाला याच घराण्यातला. त्यामुळे कोबी-फ्लॉवरला जी हवा लागते, तीच केलला लागते. मुंबईला ती वर्षातून जेमतेम तीन महिने मिळते. ते तीन महिने साधायचे, आणि पानं हातात आली की पालेभाजीसारखी शिजवून खायची, एवढं केलं तर चार कुंड्यांवर एका घराची आठवड्यातली एक भाजी आरामात निघते.

आधी जात ठरवा

केल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कुरळ्या, झालरीच्या पानांचा केल येतो, कारण मॉलमध्ये आणि क्रॉफर्ड मार्केटच्या परदेशी भाज्यांच्या गाळ्यांवर तोच जास्त दिसतो. मुंबईत पहिल्यांदा लावणाऱ्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याला गारवा इतरांपेक्षा जास्त हवा असतो. शिवाय त्या झालरींच्या घडीत मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) बसला की बाहेरून दिसत नाही, आणि दिसला तरी धुऊन निघत नाही. दिसायला देखणा आहे, चिप्स त्याच्याच चांगल्या होतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखादी कुंडी लावावी.

सुरुवात करायची ती टस्कन केलने. बियांच्या पाकिटावर नीरो दि तोस्काना, लॅसिनाटो किंवा डायनोसॉर केल असं काहीही लिहिलेलं असेल, जात एकच. लांब, अरुंद, काळपट हिरवी पानं आणि त्यांवर बारीक फुगवटे. इटलीच्या टस्कनी भागात पाव आणि पांढरे बीन्स घालून जे दाट सूप करतात, त्यात हाच पडतो. मुंबईचं दुपारचं ऊन हा कुरळ्यापेक्षा बराच जास्त सोसतो, पान उघडं असल्यामुळे कीड लगेच नजरेस पडते, आणि शिजवल्यावर त्याचा लगदा होत नाही. खालची पानं काढत गेलं की खोड वाढत जातं आणि फेब्रुवारीपर्यंत झाड नारळाच्या बुटक्या माडासारखं दिसायला लागतं.

रेड रशियन हा तिसरा. याची पानं सपाट, कातरलेली, देठ जांभळट. हा खरं तर दुसऱ्या प्रजातीतला आहे, ब्रासिका नेपस, म्हणजे कोबीपेक्षा पाश्चात्त्य देशांत तेलासाठी लावतात त्या कॅनोलाच्या जवळचा. पान सगळ्यांत कोवळं, त्यामुळे कच्चं खायचं असेल तर हाच लावा. पेरल्यापासून तीस दिवसांत बोटभर पानं खुडता येतात. फक्त खुडल्यावर फार लवकर मान टाकतो, तेव्हा ताट वाढायच्या आधीच काढावा. थंड देशांत त्याच्या पानांवर येणारी जांभळी छटा मुंबईत फिकी राहते, कारण तो रंग गारठ्याने चढतो. रेडबोरसारख्या पूर्ण जांभळ्या जातींचंही तेच. रंगाच्या आशेने त्या आणल्या तर निराशा होईल.

चौथा आहे कोलार्ड, म्हणजे सपाट, रुंद, गुळगुळीत पानांचा, गड्डा न धरणारा प्रकार. काश्मिरी हाक याच वळणाचा. कोलार्डची ‘जॉर्जिया’ ही जात अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागात पूर्वापार लावली जाते, त्यामुळे उन्हाला सगळ्यांत काटक. बाकीच्यांनी मार्चमध्ये हात टेकले तरी हा एप्रिलपर्यंत पानं देत राहतो. माझ्याकडे चार कुंड्यांची जागा असेल तर दोन टस्कन, एक कोलार्ड, एक रेड रशियन, अशीच वाटणी मी करते.

हिवाळ्यात नर्सरीत गुलाबासारखी दिसणारी गुलाबी-पांढरी शोभेची कोबी मिळते. तीही याच प्रजातीतली आहे, पण ती खाण्यासाठी वाढवलेली नसते आणि तिच्यावर कोणती औषधं मारली आहेत हे कळायला मार्ग नसतो. ती बघायचीच.

खिडकी कुठल्या दिशेला आहे?

केलला रोज चार ते सहा तास थेट ऊन लागतं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये हाच सगळ्यांत मोठा प्रश्न, आणि इथे सूर्याची चाल समजून घेतली तर उत्तर सोपं होतं. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. २१-२२ डिसेंबरला मात्र दुपारी तो दक्षिणेला जेमतेम ४७ अंशांवर असतो. म्हणजे ज्या दक्षिणेकडच्या ग्रिलमध्ये पावसाळ्यात छज्जामुळे ऊन शिरतच नाही, तिथे डिसेंबर-जानेवारीत ते आत फरशीपर्यंत येतं, नेमकं केलच्या हंगामात. दक्षिणेची खिडकी असेल आणि समोर इमारत चिकटून नसेल, तर तुमचं काम झालं. पूर्वेची खिडकी दुसऱ्या क्रमांकाची, सकाळचं कोवळं ऊन केलला मानवतं. पश्चिमेला दुपारनंतरचं ऊन तापट असतं. तिथे कोलार्ड लावा आणि तीननंतर जुनी ओढणी आडवी बांधा. उत्तरेच्या खिडकीत थंडीभर थेट ऊन येत नाही. तिथे केल लावू नका, पुदिना लावा.

शहराच्या शहरात हवेचाही फरक पडतो. जानेवारीत सांताक्रूझला रात्रीचं तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास उतरतं, कुलाब्याला समुद्रामुळे ते दोन-एक अंश जास्त राहतं. मुलुंड, बोरिवली, ठाण्याकडचे लोक याबाबतीत भाग्यवान. दिवसाचं कमाल तापमान मात्र थंडीतही ३० च्या पुढे जातं, म्हणूनच जात निवडण्यावर मी इतका भर देते. समुद्रासमोर राहत असाल तर पानांवर खारा थर बसतो. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांवर साधं पाणी मारून तो उतरवावा.

गच्ची वापरायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या आणि कुंड्या विटांवर ठेवा, खाली ओल धरली की गळतीची तक्रार तुमच्या नावावर येते. ग्रिलमध्ये वजनाचा विचार करा. बारा इंची कुंडी ओली झाली की १२-१५ किलोंची होते. गंजलेल्या ग्रिलवर अशा चार ठेवायच्या आधी वेल्डरला दाखवा, खालून माणसं जात असतात.

पेरणीचं वेळापत्रक

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस परत फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतर ऑक्टोबरचा उकाडा. बी याच उकाड्यात, पण घराच्या आत पेरायचं, म्हणजे रोपं तयार होईपर्यंत बाहेरची हवा उतरलेली असते. नवरात्रात किंवा दसऱ्याला पेरा, दिवाळी उलटल्यावर मोठ्या कुंडीत लावा, मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या सुमाराला पहिली पानं काढा, होळीपर्यंत काढत राहा. दुसरी पेरणी नोव्हेंबरच्या मध्यावर करता येते, तिची पानं फेब्रुवारीत मिळतात. डिसेंबरनंतर पेरायचं असेल तर फक्त रेड रशियन, तोही कोवळ्या पानांपुरता.

बियाणं चांगल्या कंपनीचं, पाकिटावर तारीख बघून घ्यावं. मोहरीएवढं बी असतं, एका पाकिटात तुमच्या दोन-तीन हंगामांची सोय होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं झाडा-फुलांचं वार्षिक प्रदर्शन थंडीच्या अखेरीस भरतं. कुंडीतल्या भाज्या दुसरे लोक किती जागेत, कशा वाढवतात हे बघायला तिथे जरूर जावं.

रोपांसाठी खाचांचा ट्रे असला तर उत्तम, नाहीतर दह्याचे प्लॅस्टिकचे डबे तळाला भोकं पाडून वापरा. त्यात अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धं चाळलेलं गांडूळ खत. बी अर्धा सेंटिमीटर खोल, एका खणात दोन. वर ओलं फडकं टाकून सावलीत ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर आला की फडकं त्याच क्षणी काढायचं आणि ट्रे उजेडात न्यायचा. यात एक-दोन दिवसांची दिरंगाई झाली तरी रोप उजेड शोधत लांबुडकं, पांढरं होतं आणि पुढे कधी नीट उभं राहत नाही. रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडली, तर पाणी जास्त होतंय. पाणी वरून न घालता ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवा, खालून हवं तेवढं शोषलं जातं. एका खणातलं अशक्त रोप आठवड्याने कात्रीने कापून टाका. उपटलं तर शेजारच्याची मुळं दुखावतात.

कुंडी आणि माती

एका झाडाला बारा इंच रुंद आणि तितकीच खोल कुंडी. रंगाची २० लिटरची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, तळाला पाच-सहा भोकं पाडून उत्तम चालते. मासळी बाजारात मिळणारी थर्माकोलची खोकी हलकी असतात आणि मुळं गार ठेवतात. एका लांब खोक्यात दोन झाडं बसतात. आधी मीठ पूर्ण निघेपर्यंत धुवा.

मातीचं मिश्रण असं: चार भाग लाल माती, तीन भाग गांडूळ खत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं पूर्ण कुजलेलं खत, तीन भाग कोकोपीट, आणि प्रत्येक कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड. मुंबईत गोणीतून मिळणारी लाल माती बऱ्याचदा चिकण असते, पाणी घातलं की वर विटेसारखा थर धरते, म्हणून कोकोपीट गाळू नका. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून साधारण आठ-नऊ लिटर होते. ती एकदा भिजवून, पिळून, ते तांबूस पाणी टाकून द्या आणि पुन्हा भिजवा. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, ते धुतलं नाही तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

रोपाला चार-पाच खरी पानं (उगवतानाच्या दोन बीजदलांनंतरची) आली, म्हणजे पेरल्यापासून साधारण चार आठवड्यांनी, की संध्याकाळी ऊन कलल्यावर कुंडीत लावा. खालच्या पानांच्या देठापर्यंत खोड मातीत गेलं तरी चालतं, उलट झाड वाऱ्याला हलत नाही. पहिले तीन दिवस दुपारी वर्तमानपत्राची सावली करा.

पाणी सकाळी द्यावं. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. जानेवारीत एक दिवसाआड पुरतं, फेब्रुवारीअखेर रोज लागतं. मातीवर वाळलेल्या पानांचा, नाहीतर रसवंतीवरून आणून धुऊन वाळवलेल्या उसाच्या चिपाडाचा दोन बोटं जाड थर द्या. चिपाड न धुता टाकलं तर मुंग्या येतील.

केल पानासाठी लावतो, तेव्हा त्याला नत्र हवं. दर पंधरा दिवसांनी कुंडीला दोन मुठी गांडूळ खत कडेने मिसळलं तरी भागतं. आरे किंवा जोगेश्वरीच्या तबेल्यांमधून शेण-गोमूत्र आणता आलं, तर श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने घरोघरी पोचवलेलं अमृतजल करावं: १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस झाकून ठेवायचं, दिवसातून तीनदा ढवळायचं आणि चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून मुळाशी द्यायचं. पानांवर शिंपडू नका, ती आपण खाणार आहोत.

पान उलटून बघण्याची सवय

कुंडीतला केल हातचा जातो तो बहुतेक वेळा किडीमुळे, आणि किडीवर सगळ्यांत मोठा इलाज म्हणजे रोज सकाळी चहा घेताना पाच मिनिटं पानं उलटून बघणं. पान उजेडासमोर धरा. मुख्य शिरेच्या कडेला खसखशीपेक्षा लहान, पिवळसर अंडी एकेकटी किंवा दोन-तीनच्या पुंजक्यात दिसली, तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. कोबी-फ्लॉवरचं शेतात सर्वांत जास्त नुकसान करणारी कीड हीच. तिची छोटी अळी पान आरपार खात नाही. खालचा भाग खरवडते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर काच बसवल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. असा ठिपका दिसला की अळी त्याच पानाखाली असते, हिरवी, सेंटिमीटरभर. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धागा सोडून खाली लोंबकळते. चार-पाच कुंड्या असतील तर हाताने वेचणं पुरतं. अंडी अंगठ्याने पुसून काढायची.

अळ्या हाताबाहेर गेल्या तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जिवाणूजन्य औषध नर्सरीत किंवा बियाण्यांच्या दुकानात मागा. पाकिटावरच्या प्रमाणातच, आणि सूर्य मावळल्यावर फवारा, कारण उन्हाने त्याची ताकद जाते. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, म्हणून पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे.

मावा फेब्रुवारीत येतो. राखाडी पीठ भुरभुरल्यासारखा, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या कुशीत. पहिले दोन दिवस नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवून लावा. हटला नाही तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन-तीन थेंब भांड्यांचा द्रव साबण, नीट घुसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. फवारल्यावर चार दिवस त्या झाडाची पानं काढू नका आणि नंतर धुऊनच वापरा. ज्या पानाची पूर्ण खालची बाजू माव्याने भरली आहे, ते वाचवत बसण्यात अर्थ नाही. तोडून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. कुंडीत मुंग्यांची रांग वर चढताना दिसली, तर मावा आहेच असं समजून शोधा, त्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्या येतात.

बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने कोबीच्या शेतात मोहरीच्या ओळी लावून किडीला तिकडे वळवण्याची पद्धत विकसित केली. ती आपल्याला कुंडीतही वापरता येते. स्वयंपाकघरातली मूठभर मोहरी एका पसरट कुंडीत पेरून केलच्या शेजारी ठेवा. मावा आणि पतंग आधी तिच्यावर बसतात, आणि ती भरली की सबंध उपटून फेकता येते.

कबुतरांसाठी यातलं काहीच चालत नाही. ती रोपं टोचतात, त्यांच्यावर बसतात, मातीत विष्ठा करतात, आणि ज्या पानावर ती पडली ते पान कच्चं खाण्याच्या लायकीचं राहत नाही. जुनी मच्छरदाणी ग्रिलच्या आतून ताणून बांधा. कबुतरं थांबतात, फुलपाखरं आणि पतंग थांबतात आणि ऊन फारसं कमी होत नाही. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी उपाय दुसरा नाही.

पानं काढणं

लावल्यापासून सात-आठ आठवड्यांनी झाडावर दहा-बारा मोठी पानं असतात. सगळ्यांत खालची दोन-तीन पानं देठाला धरून खाली ओढून खटकन तोडायची. शेंड्याकडची पाच-सहा पानं नेहमी झाडावर ठेवायची. शेंडा खुडला तर झाड थांबतं. आठवड्याला एका झाडाची तीन-चार पानं मिळतात, चार झाडांवर एक जुडी होते. सकाळी उजाडताच काढलेली पानं कुरकुरीत असतात, दुपारची मलूल. पिवळं पडलेलं पान झाडावर ठेवू नका.

थंड देशांत हिमकण पडून गेले की केल गोड होतो, कारण गारठ्यात झाड पानांत साखर साठवतं. मुंबईत ते होणार नाही. इथला केल किंचित कडसर असतो, आणि त्यावर उपाय स्वयंपाकघरातच आहेत.

शिजवताना

धुण्यापासून सुरुवात करते. टस्कन आणि कोलार्डची पानं वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुतली की पुरे. कुरळा केल मात्र मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवावा, घडीत लपलेलं सगळं वर तरंगतं. मग देठ एका हातात धरून दुसऱ्या हाताने पान ओरबाडून घ्यायचं. देठ फेकायचे नाहीत, त्यांच्याकडे नंतर येऊ.

मुंबईच्या केलला सगळ्यांत शोभते ती ताकातली पातळ भाजी. चार माणसांसाठी दहा-बारा मध्यम पानं बारीक चिरा. पाव वाटी चणाडाळ आणि पाव वाटी शेंगदाणे दोन तास भिजवलेले. तिन्ही कुकरमध्ये एकत्र घालून तीन शिट्ट्या. पालक एका वाफेत शिजतो, केलला वेळ लागतो, म्हणून त्याला डाळीबरोबरच घालता येतं आणि तो डाळीत विरघळून जात नाही. दोन वाट्या आंबटसर ताकात दोन मोठे चमचे बेसन गुठळ्या न ठेवता कालवून त्यात ओता, सुपारीएवढा गूळ आणि मीठ घाला, आणि मंद आचेवर सतत ढवळत उकळी आणा. वरून तेलाची फोडणी: मोहरी, हिंग, हळद, पाच-सहा मेथीदाणे, ठेचलेला लसूण आणि दोन सुक्या मिरच्या. ताकाचा आंबटपणा आणि गूळ मिळून कडसरपणा पूर्ण झाकतात. गरम भातावर ही भाजी खाल्लेल्या घरात कोणी पुन्हा केलची स्मूदी मागत नाही.

कोलार्डच्या रुंद पानांच्या वड्या करून बघाच. अळूसारखी खाज नसते, त्यामुळे चिंच घशासाठी घालावी लागत नाही, चवीसाठी घालायची. पाठीमागची जाड शीर सुरीने तासून सपाट करा, पान मिनिटभर कडकडीत पाण्यात बुडवून मऊ करा, नाहीतर गुंडाळताना फाटतं. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, चिंच-गुळाचा कोळ, तिखट, धने-जिरेपूड, तीळ आणि मीठ यांचं घट्ट पीठ लावून चार-पाच पानांची एक गुंडाळी करा, वीस मिनिटं वाफवा, पूर्ण गार झाल्यावरच कापा आणि तळा किंवा थोड्या तेलावर परता.

रोजच्या घाईत लसूण-हिरवी मिरचीच्या फोडणीवर चिरलेला केल, भिजवलेली मूगडाळ आणि पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, दहा-बारा मिनिटांत भाजी होते, वरून ओलं खोबरं. सुकट आवडणाऱ्यांनी मेथीत घालतात तसा भाजून धुतलेला जवळा यात घालावा; केलचा उग्रपणा आणि जवळ्याचा वास एकमेकांना मस्त धरून राहतात. काश्मिरी पद्धत आणखी साधी: मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून किंचित निवलं की हिंग आणि अख्ख्या मिरच्या, मग पाणी, मीठ आणि न चिरलेली पानं. पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर उकळायची. हा पाणीदार हाक भाताबरोबरच खायचा. भाजणीच्या थालीपिठात मेथीच्या जागी केल सहज खपतो.

कच्चा खायचा तर रेड रशियन, किंवा टस्कनची अगदी कोवळी पानं. बारीक चिरून त्यावर मीठ, लिंबू आणि चमचाभर तेल घालून दोन मिनिटं हाताने चांगला चुरा. पान गडद होऊन निम्म्यावर बसतं तेव्हा थांबायचं. मग दाण्याचं कूट, किंचित साखर, हवं तर दही आणि जिऱ्याची फोडणी. न चोळता केलेली केलची कोशिंबीर चघळत बसावी लागते.

देठ बारीक चिरून तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परता. त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून जाडसर कुटा. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको.

चिप्ससाठी कुरळा केल पूर्ण कोरडा पुसून, तेलाचा हात लावून १५० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं भाजा. मुंबईच्या दमट हवेत त्या तासाभरात मऊ पडतात, तेव्हा लगेच संपवा.

कुणी बेतानं खावा

१०० ग्रॅम कच्च्या केलमध्ये साधारण २५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि त्यात ऑक्झॅलेट फार कमी असल्यामुळे ते अंगी लागतं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केलमधलं सुमारे ४१ टक्के कॅल्शियम शोषलं गेलं, दुधातलं ३२ टक्के. पालकातलं बहुतेक कॅल्शियम ऑक्झॅलेटला बांधलेलं राहून तसंच बाहेर जातं. दूध न पचणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी ही भाजी ताटात घ्यावी ती याचसाठी.

पण यात के जीवनसत्त्वही भरपूर असतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा त्या गटातली गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय केल सुरू करू नका, आणि चालू असलेला अचानक बंदही करू नका. दोन्हींनी गोळीचा परिणाम बदलतो. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी कच्चा केल रोज खाणं टाळावं, शिजवलेला आठवड्यातून एक-दोनदा बेताने. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमचं पथ्य असेल तर तेही विचारून घ्या.

घरी कुंडी नसेल तर भाजीवाल्या मावशींकडे नवलकोल घेताना पाला काढू नका म्हणून सांगा. फ्लॉवरची आतली कोवळी पानंही मागून घ्या. प्रजाती तीच आणि वरच्या सगळ्या कृती जशाच्या तशा चालतात.

मार्चनंतर

पानं लहान, जाड आणि जास्त कडू यायला लागली की टस्कन आणि रेड रशियन उपटून खताच्या डब्यात टाका. कीड लागलेली झाडं मात्र तिथे नकोत. कोलार्ड दुपारच्या सावलीत सरकवा, तो अजून महिनाभर भाजी देईल. झाड फुलावर येऊन बी धरेल म्हणून थांबू नका. केलला फुलायला कित्येक आठवड्यांचा कडक गारठा लागतो, तो मुंबईत मिळत नाही, त्यामुळे बी दरवेळी विकतच घ्यावं लागतं. उरलेलं बी हवाबंद बाटलीत, तळाला भाजून गार केलेल्या तांदळाची चिमूट टाकून फ्रिजमध्ये ठेवलं, तर तीन वर्षं उगवतं. पावसाळ्यात बाहेर राहिलेलं पाकीट पुढच्या दसऱ्याला दगा देतं.

रिकाम्या कुंडीतली माती उन्हात पसरून आठ-दहा दिवस वाळवा, निंबोळी पेंड मिसळा, आणि जूनमध्ये त्यात चवळी किंवा भेंडी लावा. लागोपाठ दुसऱ्या हंगामात त्याच मातीत केल, कोबी, मुळा किंवा मोहरी नको. पुढच्या वर्षीचा केल चवळीच्या कुंडीत जाऊ द्या.